विमानातील बालक आणि आपले चिकित्सालय

दि. २७ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी बंगळूरहून दिल्लीकडे निघालेल्या विस्तारा कंपनीच्या विमानात एका चिमुकलीचा श्वास थांबला. जन्मजात हृद्रोगासाठी तिच्यावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली होती. ओठ व बोटे निळी पडली होती, हातपाय गार होते, नाडी लागत नव्हती. योगायोग असा की, एका परिषदेहून परतणारे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पाच डॉक्टर त्याच विमानात होते. त्यांनी सुमारे पंचेचाळीस मिनिटे हृदय व श्वसन चालू ठेवण्याचे प्रयत्न केले, विमान नागपूरकडे वळविण्यात आले आणि मुलीला तेथील बालरोगतज्ज्ञांच्या स्वाधीन करण्यात आले. तिचे हृदय पुन्हा चालू झाले होते. तथापि चार दिवसांनी, ३१ ऑगस्ट रोजी, नागपूरच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला.

नागपूरचा हा सोनेगावचा विमानतळ म्हणजे व्यवहारात चंद्रपूर आणि गडचिरोलीचाच विमानतळ होय. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत नियमित प्रवासी विमानसेवा नाही. मोरव्याची धावपट्टी आहे ती वेगळ्या कामांसाठी. सिरोंचाकडील मंडळी गोदावरीवरचा पूल झाल्यापासून हैदराबादची वाट धरतात, बाकी सर्वांचा रस्ता नागपूरकडेच जातो. एके काळी विमानाने जाणारा मनुष्य म्हणजे वीज केंद्राचा, कोळसा खाणीचा किंवा कागद कारखान्याचा अधिकारी असे. आता पुण्यात, बंगळुरात, हैदराबादेत नोकरी करणाऱ्या मुलामुलींनी हा प्रवास घरोघरी आणला आहे. मुलगी बाळंतपणाला माहेरी मूलला, ब्रह्मपुरीला किंवा देसाईगंजला येते आणि तीन महिन्यांचे बाळ घेऊन विमानाने सासरी परतते. निघण्याच्या आदल्या दिवशी आजी ते बाळ घेऊन आपल्या दवाखान्यात येते व विचारते, ''वैद्यबुवा, लेकराला विमानात सोसंल ना?''

या प्रश्नाचे उत्तर आपल्या पाठ्यपुस्तकांत नव्हते. कौमारभृत्य शिकविताना आम्हाला दंतोद्भव शिकविला, बालग्रह शिकविले, लेहन शिकविले. विमानाचा उल्लेख असण्याचे कारणच नव्हते. परंतु पालक विचारतात ते आपल्याला आणि औषधालयाच्या गल्ल्यावर बसलेल्या आपल्या मित्रांना. बालरोगतज्ज्ञाची वेळ मिळेपर्यंत विमान निघून गेलेले असते. म्हणून हा प्रपंच.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, पूर्ण दिवसांचे, वजन वाढत असलेले निरोगी बाळ विमानप्रवास सुखाने करते. वर सांगितलेली घटना दुर्मीळ आहे आणि त्या मुलीला मूळचा हृद्रोग होता. अगदी नवजात बाळासाठी प्रत्येक विमान कंपनीचे दिवसांचे नियम निराळे असतात. ते तिकीट काढतानाच विचारून घ्यावेत. अकाली जन्मलेले, जन्मजात हृद्रोगाचे किंवा फुप्फुसांचा जुनाट विकार असलेले मूल मात्र त्याच्या उपचार करणाऱ्या तज्ज्ञाच्या लेखी संमतीवाचून विमानात बसवू नये. अशा ठिकाणी आपण नाडी पाहून ''काही होत नाही, जा'' म्हणणे हा धीर देणे नव्हे.

उंचीचे गणित

विमान पस्तीस हजार फुटांवर उडत असले तरी आतील हवा दाब देऊन राखलेली असते. ती जमिनीसारखी असते असा पुष्कळांचा समज आहे, तो बरोबर नाही. विमानाच्या आतील दाब साधारणतः सहा ते आठ हजार फूट उंचीवरील दाबाइतका असतो. कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फूट आहे. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम सहाशे फूट. म्हणजे आपले बाळ वीस-पंचवीस मिनिटांत चंद्रपूरच्या पातळीवरून कळसूबाईच्याही वर जाऊन बसते, तेथे दोन तास राहते आणि पुन्हा खाली येते. यातून दोन गोष्टी घडतात. श्वासातून मिळणारा प्राणवायू कमी होतो आणि शरीरातील कोंडलेला वायू पसरतो. पोट फुगणे, किरकिर, उलटी यांचा बराचसा उलगडा या दुसऱ्या गोष्टीत आहे. वातप्रकोप म्हणून आपण तो सांगितला तर आजीला तत्काळ पटते, आणि निघण्यापूर्वी बाळाला ठासून पाजू नये, ढेकर काढावी, हा सल्लाही पटतो.

कानाचे दुखणे याच दाबाचे. मधल्या कानातून घशात उघडणारी युस्टेशियन नलिका बाळात आखूड, अरुंद व आडवी असते. विमान वर जाताना कानातील हवा सहज बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरची हवा आत शिरण्यास ही नलिका उघडावी लागते, आणि ती गिळताना उघडते. म्हणून बाळ रडते ते मुख्यतः उतरताना. बाळाला बोलता येत नाही, तरी त्याचे दुखणे ओळखता येते. काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायात कर्णशूलाची लक्षणे दिली आहेत: बाळ हाताने कानाला स्पर्श करते, डोके हलविते, त्याला चैन पडत नाही, ते दूध घेत नाही आणि झोपत नाही. खिडकीशेजारच्या आसनावर बसलेल्या आईला ही लक्षणे ठाऊक असतील तर ती घाबरणार नाही.

उपाय साधा आहे. विमान उतरण्याच्या सुमारे अर्धा तास आधी खाली येऊ लागते. त्या वेळी बाळ झोपले असेल तर जागे करावे, डोके उंच धरावे आणि अंगावर पाजावे. वरचे दूध घेणाऱ्या मुलाला बाटली किंवा चमच्याने थोडे थोडे पाणी द्यावे. चार-पाच वर्षांच्या मुलाला काही चघळावयास द्यावे. चढताना पाजून दमलेल्या आया उतरताना बाळ झोपले म्हणून सुटकेचा श्वास सोडतात आणि नेमकी तेथेच चूक होते.

कर्णपूरणाविषयी येथे आपल्याच मंडळींशी वाद घालावा लागतो. प्रवासाला निघण्यापूर्वी कानात कोमट तेल सोडण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. परंतु येथे दोष पडद्याच्या आतल्या बाजूस आहे. बाहेरून सोडलेले तेल तेथे पोहोचत नाही, आणि पडदा फाटलेला असेल तर जेथे पोहोचू नये तेथे पोहोचते. कान वाहत असलेल्या मुलाच्या कानात काहीही सोडू नये. प्रतिश्याय असेल तर नलिका सुजलेली असते, म्हणून सर्दीने नाक चोंदलेल्या वा कान ठणकणाऱ्या मुलाचा प्रवास चार दिवस पुढे ढकलणे हे उत्तम. ते शक्य नसेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात ते नाकात घालून नाक मोकळे करावे. प्रतिमर्श नस्य जन्मापासून चालते हे वाग्भटाचे मत आपण सर्व जाणतो. पण तान्ह्या बाळाच्या नाकात तेल अथवा तूप थेंबाने सोडल्यास ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. विमानातील हवा फार कोरडी असते, तेव्हा नाकपुडीच्या कडेला बोटाने तुपाचा हात फिरवावा, तेवढे पुरे. कापराची पोटली बाळाच्या गळ्यात बांधू नये. कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येतात आणि गळ्यातील दोरी हा वेगळाच धोका.

हा दाब यंत्राने राखलेला असतो, याची आठवण २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानाने करून दिली. दाब राखणारी कळ उड्डाणापूर्वी चालू करावयाची राहून गेली. १६६ प्रवाशांपैकी सुमारे तीस जणांच्या नाकाकानांतून रक्त आले आणि विमान मुंबईला परतले. अशा वेळी वरून प्राणवायूचे मुखवटे खाली येतात. आईने आधी स्वतःला लावावा, मग मुलाला. आईच्या मनाविरुद्धचा हा नियम तिला घरीच समजावून सांगावा. ऐन उंचीवर दाब एकाएकी गेल्यास शुद्ध टिकते ती अर्धा ते एक मिनिट, आणि बेशुद्ध आई बाळाला काहीच लावू शकत नाही. आसनांच्या प्रत्येक रांगेत जादा मुखवटे मोजकेच असतात, म्हणून दोन तान्ही बाळे शेजारी शेजारी बसवीत नाहीत. कर्मचाऱ्यांनी जागा बदलावयास सांगितल्यास वाद घालू नये.

''झोपेचे काहीतरी द्या''

औषधालयाच्या मालकांनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी गल्ल्यावर येणारी सर्वांत धोकादायक मागणी म्हणजे ''बाळ विमानात झोपून राहील असे काहीतरी द्या''. सर्दी-उलटीची जी औषधे गुंगी आणतात, त्यांच्यावरच पालकांचा डोळा असतो. प्रोमेथॅझिन हे त्यांतील प्रसिद्ध औषध. दोन वर्षांखालील मुलांत त्याने श्वसन मंदावून मृत्यू ओढवल्यामुळे अमेरिकेत २००४ पासून त्यावर कडक इशारा छापला जातो. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचे संयुक्त औषध चार वर्षांखालील बालकांना देऊ नये, अशी सूचना केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिली. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दूषित खोकल्याच्या औषधाने छिंदवाडा परिसरातील वीसहून अधिक बालके दगावली, त्यांतील अनेकांवर नागपुरातच उपचार चालू होते, हे आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. आधीच प्राणवायू कमी असलेल्या जागी श्वसन मंद करणारे औषध पाजणे, याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

आपले घर तरी स्वच्छ आहे काय? गुटीत जायफळाचा वेढा दोनऐवजी सहा देणारी आजी आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली असेल. जातीफल निद्राकर आहे, ग्राही आहे, सर्व खरे. परंतु सहाणेवरच्या वेढ्यांना वजन नसते, आणि मात्रा वाढली की भ्रम, तोंडाला कोरड, हृदयगती वाढणे हे सर्व होते. अफूची बोंडे उकळून पाजण्याची जुनी चाल बहुतांशी गेली असली तरी पूर्ण गेली असे छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. प्रवासाच्या दिवशी बाळाला नवे असे काहीही देऊ नये, ना आपले ना परके. बाळ विमानात रडले तर रडू द्यावे. शेजारचा प्रवासी दोन तास कपाळाला आठ्या घालील, इतकेच.

सिकलसेलचे मूल

आपल्या दोन जिल्ह्यांच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा विषय, आणि शहरांतील पुस्तिकांत त्याला जेमतेम एक ओळ असते. गोंड, माडिया, परधान यांच्यांत आणि इतरही अनेक समाजांत हा आजार आपण रोज पाहतो. शोधग्रामच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत तो प्रथम दाखवून दिला, त्याला चार दशके होत आली. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून तपासणी वाढली आहे, तेव्हा कार्ड पाहिल्याशिवाय प्रवासाचा सल्ला देऊ नये.

फक्त वाहक असलेल्या मुलाला साध्या प्रवासी विमानात अडचण येत नाही. आजारी मुलाचे तसे नाही. प्राणवायू कमी झाला, अंगातील पाणी घटले, थंडी वाजली की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आणि विमानात या तिन्ही गोष्टी एकत्र असतात. बहुतेक मुले काळजी घेतल्यास प्रवास करू शकतात. परंतु अंगदुखीचा झटका येऊन गेल्यावर किमान दहा दिवस विमान टाळावे. ताप, दम, पोटाच्या डाव्या बाजूस वाढलेली प्लीहा, यांपैकी काही असल्यास तिकीट रद्द करावे. हिमोग्लोबिन ९.५ ग्रॅम किंवा त्याहून कमी असल्यास वैद्यकीय तपासणीवाचून प्रवास नको, असा आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेचा दंडक मुख्यतः नव्याने आलेल्या रक्तक्षयासाठी आहे. आपल्याकडील सिकलसेलच्या मुलांचे हिमोग्लोबिन एरवीही त्याहून कमी असते, तरी त्यांच्या तज्ज्ञाला विचारणे ओघानेच आले. गरज असल्यास विमानात प्राणवायूची सोय करता येते, मात्र त्यासाठी कंपनीचा वैद्यकीय अर्ज आधी भरावा लागतो.

एक फसवा प्रकार ध्यानात ठेवावा. पहिले काही महिने बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुष्कळ असते, त्यामुळे आजार झाकलेला राहतो. तिसऱ्या महिन्यात बाळ पुण्याला सुखरूप गेले, म्हणून दीडाव्या वर्षी तेच बाळ तसेच जाईल असे गृहीत धरता येत नाही.

अशा मुलाला प्रवासभर थोडे थोडे पाणी पाजावे, मोजे-टोपी घालावी, वातानुकूलनाचा झोत त्याच्यावर येऊ देऊ नये, एकाच जागी ताटकळत बसवू नये. हायड्रॉक्सियुरिया व पेनिसिलिन चालू असल्यास ते हातातील पिशवीत ठेवावे, आणि आपण रक्तवर्धक कल्प देत असलो तरी ती औषधे थांबवू नयेत. आमच्यातील काही उत्साही मंडळी ''आता लोहभस्म चालू केले, ते बंद करा'' असे सांगतात. या आजारात रक्त कमी असते ते लोहाच्या अभावाने नव्हे, पेशी फुटल्याने. लोहाची कमतरता तपासणीत दिसली तरच लोह द्यावे.

ताप हा दुसरा स्थानिक विषय. भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांचा हिवताप आपल्याला सांगावयास नको. दिवाळीला आजोळी आलेले मूल परत गेल्यावर दहा-पंधरा दिवसांनी तापते, तेव्हा पुण्याच्या वा परदेशच्या डॉक्टरच्या मनात हिवताप येतोच असे नाही. आपण एका चिठ्ठीवर ''मूल अमुक तारखांना गडचिरोली जिल्ह्यात होते, ताप आल्यास हिवतापासाठी रक्त तपासावे'' एवढे लिहून दिले तर ती चिठ्ठी कोणत्याही काढ्यापेक्षा मोलाची आहे.

मांडीवरचे बाळ

दोन वर्षांपर्यंतचे मूल मांडीवर बसते, त्याला वेगळी जागा घ्यावी लागत नाही. पैसा वाचतो, पण मांडी हे सुरक्षित आसन नव्हे. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे युनायटेड कंपनीचे विमान कोसळले. २९६ जणांपैकी ११२ जण गेले. त्यात मांडीवरची चार मुले होती. त्या काळच्या नियमाप्रमाणे कर्मचाऱ्यांच्या प्रमुख जॅन ब्राउन यांनी आयांना बाळे पायाशी जमिनीवर ठेवण्यास सांगितले. चारांपैकी एक बाळ गेले, आणि पुढे त्या बाईंनी प्रत्येक मुलाला स्वतंत्र आसन असावे यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. तेथील विमान वाहतूक प्रशासनाने २००५ मध्ये सक्ती नाकारली. कारण असे की, जादा तिकिटाच्या भाराने कुटुंबे मोटारीने जातील आणि रस्त्यावर अधिक मुले मरतील. हा हिशेब क्रूर वाटतो, पण चुकीचा नाही.

परवडत असेल त्यांनी वेगळी जागा घेऊन विमानासाठी मान्य असलेले बालआसन बांधावे. ते चालेल की नाही हे कंपनीला आधी विचारावे. न परवडल्यास कर्मचाऱ्यांकडून बाळाचा जादा पट्टा मागून घ्यावा, तो आईच्या पट्ट्यात अडकतो. आईचाच पट्टा दोघांभोवती लावू नये, धक्का बसल्यास बाळ तिच्या भाराखाली चेंगरते. झोळीत बांधलेले बाळ उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी बाहेर काढावयास सांगतात, त्याचे कारण हेच. आकाश निरभ्र दिसले तरी पट्टा सोडू नये. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला उतरत असलेल्या विमानाला वादळी हवेने असे हादरे बसले की अनेक प्रवासी जखमी झाले. आणि मांडीवर मूल असताना चहा घेऊ नये. विमानात मुले भाजतात ती बहुधा शेजारच्याच पेल्याने. गाडीच्या बाजूची जागा टाळून खिडकीकडे बसावे, म्हणजे मुलाची बोटे व पाय गाडीखाली येत नाहीत.

आजीची पिशवी

औषधांच्या पिशवीविषयी औषधालयाने सांगावयाच्या चार गोष्टी. आसव-अरिष्टांत स्वजनित मद्य साधारणतः पाच ते दहा टक्के असते. अरविंदासव बालकांचे म्हणून सर्रास दिले जाते, पण मद्याविषयी कडक कायदे असलेल्या देशात ते नेताना चौकशी करावी. शिवाय न भरलेल्या बाटलीतील वायू उंचीवर पसरतो आणि झाकण सैल असेल तर सगळे कपडे द्राक्षासवाच्या रंगाचे होतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातील द्रवाच्या बाटलीस १०० मिलिलिटरची मर्यादा आहे. बाळाचे दूध व आवश्यक औषध यांना सवलत असते, पण त्यासाठी चिठ्ठी हवी. मूळ वेष्टन, छापील नाव आणि वैद्याचे पत्र असावे. कागदी पुडीतील पांढरी भुकटी सुरक्षा तपासणीत समजावून सांगणे कठीण जाते.

खसखस संयुक्त अरब अमिरातीत निषिद्ध आहे. अनारसे आणि सावजी मसाला दुबईच्या पिशवीत भरणाऱ्या आजीला हे कोणी सांगत नाही. जातीफलादि चूर्णात भांग असते. अतिसारासाठी म्हणून ते बरोबर देऊन आपण एखाद्याला परक्या देशाच्या कारागृहात पाठवू शकतो.

परदेशातील नातवासाठी रसौषधी देण्याविषयी मतभेद आहेत, याची मला कल्पना आहे. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेतील वैद्यक नियतकालिकात बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल आढळल्याचे प्रसिद्ध झाले. शोधन-मारणाचा मुद्दा परिषदेत जोरात मांडावा. पण तेथे लहान मुलांच्या रक्तातील शिसे अनेक ठिकाणी नियमाने तपासतात आणि त्या खिडकीपाशी आपला युक्तिवाद कोणी ऐकणार नाही. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये असे तेथील डॉक्टर सांगतात. मधातून होणाऱ्या विषबाधेच्या नोंदी त्यामागे आहेत. सुवर्णप्राशनाचे थेंब देताना हे आईला सांगणे आपले काम आहे.

आता रस्ता. चंद्रपूर ते नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, गडचिरोलीहून त्याहून थोडे अधिक, अहेरी-भामरागडहून तर रात्रभराचा प्रवास. पहाटेच्या विमानासाठी मध्यरात्री जीप निघते. आष्टी-आलापल्ली रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक असतात, जंगलातून रानडुकरे आडवी येतात, चालक दिवसभर दुसऱ्या भाड्यावर जाऊन आलेला असतो आणि बाळ पुढच्या सीटवर आजीच्या मांडीवर. विमानाचा विचार करकरून घाबरलेले कुटुंब या प्रवासाचा विचार करीत नाही. शक्य असेल त्यांनी आदल्या दिवशी दुपारीच निघून नागपुरात नातेवाइकाकडे मुक्काम करावा. मूल मागच्या सीटवर बसवावे, मोठ्यांनी पट्टे लावावेत, आणि चालकाने काल रात्री किती झोप घेतली हे निघण्यापूर्वी विचारावे.